पदरमोडीची पीएचडी

मागच्या अंकात फेलोशिपांबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य टाकलं होतं, की माझी कॉम्प्युटरमधली पीएचडी मी पदरच्या पैशांनी केली. बाकीचा लेख राहिला बाजूला आणि पत्रं आली ती त्या एका वाक्यावर. काहींना मी भाग्यवान वाटले, काहींना वेडी. दोन्ही थोडं थोडं खरं आहे. तेव्हा या वेळी संगणकशास्त्रातल्या स्वखर्चाच्या पीएचडीवरचीच पाच पत्रं घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

मी एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर विभागात अकरा वर्षं शिकवतो. एम.ई. झालंय, वय ३७. पीएचडीशिवाय पुढचं पद नाही, असं प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलंय. रजा मिळणार नाही, पगार दोन-दोन महिने थकतो. मध्यंतरी एका एजंटचा फोन आला. परराज्यातलं विद्यापीठ, तीन वर्षांत हमखास डिग्री, पेपर-थिसिससह चार लाख. मित्र म्हणतात, करून टाक. मॅडम, काय करू?
— एक प्राध्यापक, इचलकरंजी

सर, ‘पेपर-थिसिससह’ वाचलं आणि मला मंगल कार्यालयाची जाहिरात आठवली, ‘भांडी व आचाऱ्यासह’. त्या माणसाचा नंबर ब्लॉक करा. नीतीचं राहू द्या, व्यवहाराचंच बोलते. उद्या मुलाखतीत कुणी तुमच्याच प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणावर प्रश्न विचारला, तर उत्तर द्यायला एजंट येणार नाही. शिवाय प्रबंध आता शोधगंगेवर चढतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं हे भांडार कुणालाही फुकट उघडता येतं. तुमचे विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात उघडतील, मुलं फार चौकस असतात.

प्राचार्य म्हणतात ते बरोबर आहे. एआयसीटीई म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, तिच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे असोसिएट प्रोफेसर व्हायला पीएचडी लागते. आणि नोकरी सांभाळून, म्हणजे अर्धवेळ पीएचडी करायला यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नोव्हेंबर २०२२ च्या नियमांची पूर्ण मुभा आहे. फक्त त्यासाठी कॉलेजचं ना-हरकत पत्र लागतं आणि त्यात तीन गोष्टी लेखी हव्यात: अर्धवेळ शिकायला परवानगी आहे, रोजच्या कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएचडीतल्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी, मोकळं करू. ‘रजा मिळणार नाही’ म्हणणाऱ्या प्राचार्यांकडून तिसरं वाक्य कसं लिहून घ्यायचं, हे तुम्हाला ठरवावं लागेल. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती येण्याआधीचे दोन महिने त्यासाठी उत्तम. तेव्हा कॉलेजला ‘पीएचडी करणारे शिक्षक’ हा आकडा हवा असतो.

आता पैसे. माझ्याकडे लाल पुठ्ठ्याची एक वही आहे, २००६ ते २०१३ या सात वर्षांची. पहिल्या पानावर ‘नोंदणी शुल्क’, शेवटच्या पानावर ‘बाइंडिंग, सहा प्रती, अप्पा बळवंत चौक’. मधली पानं उघडली की सगळीकडे एकच नोंद दिसते: ‘सांगली-पुणे एस.टी., रात्रीची’, ‘पुणे-सांगली एस.टी., रात्रीची’. एकूण बेरीज २ लाख १४ हजार, त्यात विद्यापीठाची फी पाऊण लाखसुद्धा नाही. बाकीचं सगळं गेलं प्रवासात, तीन महिन्यांच्या बिनपगारी रजेत, एका लॅपटॉपमध्ये आणि पुण्यातल्या त्या चहा-पोह्यांत, जे गाइडच्या केबिनबाहेर वाट बघताना खाल्ले जातात. म्हणून माझं मत असं, की गाइड तुमच्या घरापासून इतक्याच अंतरावर असावा की भेटून रात्री घरी जेवायला परत येता यावं. इचलकरंजीहून कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ तासाभरावर आहे. जवळपासच्या ज्या कॉलेजांना मान्यताप्राप्त संशोधन केंद्र आहे, तिथेही चौकशी करा. पुणे-मुंबईच्या मागे लागू नका. आणि पगार थकलेला असताना या कामासाठी कर्ज काढू नका. त्यापेक्षा सहा महिने थांबा.

वहीत न लिहिलेला खर्च मात्र याहून मोठा होता. माझी नोंदणी झाली तेव्हा माझ्या गाइडच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मला ते ठाऊक नव्हतं. विचारायचं धाडसच झालं नाही, ज्येष्ठ माणसाला वय कसं विचारणार? ते निवृत्त झाले, दुसरे गाइड मिळाले, आणि दुसऱ्यांना पहिल्यांचा विषय पटला नाही. माझी दोन वर्षं आणि सहाशे पानं टिपणं कपाटात गेली. आता नियमच झालाय, की निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्या प्राध्यापकाने नवा विद्यार्थी घ्यायचा नाही. तरी तुम्ही विचारा. सरळ विचारा, ‘सर, तुमची निवृत्ती कधी?’

गाइड निवडताना दोन ठिकाणी नाव टाकून बघा. शोधगंगेवर टाकलंत की त्यांच्या हाताखाली कुणी, कधी, कशावर प्रबंध लिहिला ते कळेल. दोन प्रबंध उघडा. शेवटच्या प्रकरणात ‘पुढील काम’ म्हणून काय लिहिलंय बघा. दोन्हीकडे तेच शब्द असतील तर तिथेच थांबा. मग डीबीएलपी बघा. जर्मनीतल्या ट्रिअरमध्ये सुरू झालेली ही संगणकशास्त्राच्या शोधनिबंधांची सूची फुकट आहे, आणि गाइडने शेवटचा निबंध कधी लिहिला हे तिथे लपत नाही. तिसरी चौकशी फोनवरची. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला गाठा आणि एकच विचारा, ‘सर भेटतात का?’ उत्तर यायला जितका वेळ लागेल, तेवढ्यात समजून जा. एका वेळी प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा आणि असिस्टंटकडे चार विद्यार्थी असू शकतात. नावाजलेल्या प्रोफेसरकडचा आठवा असण्यापेक्षा मेहनती असिस्टंटकडचा पहिला असणं मला केव्हाही बरं वाटतं.

पेपरांचं थोडं सांगते, कारण तुम्हाला ‘स्कोपस (म्हणजे नियतकालिकांची एक नावाजलेली सूची) पेपर हमखास’ असे मेसेज येणारच. प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापून यायलाच हवा, ही यूजीसीची जुनी सक्ती २०२२ च्या नियमांत राहिली नाही. विद्यापीठं मात्र आपापल्या नियमात ती ठेवू शकतात, त्यामुळे तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक वाचा. चांगल्या नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी, जिचं काम पुण्याच्याच सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचं, ती यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. म्हणजे आता चांगलं-वाईट ओळखायचं काम तुमच्यावर आणि विद्यापीठावर आलं. आपल्या शास्त्रात आणखी एक अडचण आहे. कॉम्प्युटरमधलं उत्तम काम जगभर आधी परिषदांमध्ये येतं, जर्नलमध्ये नंतर किंवा कधीच नाही. पण तुमच्या फाईलवर सही करणारे अधिष्ठाता रसायनशास्त्राचे असले तर त्यांना परिषद म्हणजे चहा-बिस्किटं आणि प्रमाणपत्र. तेव्हा एक तरी पेपर जर्नलमध्ये द्या. त्यांच्याशी वाद घालण्यात माझं एक सत्र गेलंय.

शेवटचं, एआयसीटीईची क्यूआयपी ही योजना इंजिनिअरिंगच्या शिक्षकांसाठी १९७० पासून आहे. त्यात आयआयटीसारख्या ठिकाणी जाऊन पीएचडी करता येते, पण कॉलेजने तुम्हाला पूर्णवेळ मोकळं करावं लागतं. तुमचं कॉलेज सोडणार नाही असं दिसतंय. तरीही अर्ज मागा, नकार लेखी घ्या. तोच नकार ना-हरकत पत्र मागताना कामाला येतो.

आमचा मुलगा एम.टेक. झाला. इंग्लंडच्या एका विद्यापीठाचं पीएचडीचं पत्र आलंय, विषय मशीन लर्निंग. खाली ‘सेल्फ-फंडेड’ लिहिलंय. फी वर्षाला २८ हजार पौंड. दोन एकर द्राक्षबाग आणि घर तारण ठेवलं तर बँक कर्ज देते म्हणते. मुलगा म्हणतो, मी फेडीन. आमच्या भावकीत एवढं शिकलेलं कुणी नाही. नाही म्हणायला जीभ रेटत नाही. ताई, पत्र खरं असेल का?
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

भाऊ, पत्र खरं असणार. मुलाचं कौतुकही खरं आहे. पण तिथे प्रवेश देणारी खिडकी वेगळी आणि पैसे देणारी वेगळी, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. मुलाचं शिक्षण बरं दिसलं, एखादा प्राध्यापक हो म्हणाला, की प्रवेशाचं पत्र निघतं. पैशांबद्दल त्या पत्रात एवढंच म्हटलेलं असतं, की आमच्याकडून काही नाही.

बागेचा मांडता तसा हिशेब मांडू. फी २८ हजार, तीन वर्षांचे ८४ हजार पौंड. लंडनबाहेर राहायला-जेवायला महिन्याला बाराशे पौंडांच्या आसपास धरा, म्हणजे तीन वर्षांचे ४३ हजार. आरोग्याचा सरकारी अधिभार विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, तो व्हिसाबरोबर एकदमच भरावा लागतो. व्हिसा, विमान, गरम कपडे वेगळेच. पौंड ११५ रुपये धरला तरी आकडा दीड कोटीच्या घरात जातो. आणि पीएचडी तीन वर्षांत क्वचितच संपते, चौथं वर्ष लागतं. दीड कोटीवर दहा टक्क्यांनी नुसतं व्याजच वर्षाचं पंधरा लाख. अवकाळी आली त्या वर्षी बागेने किती दिले होते, ते तुम्हीच आठवा.

पण मला खरी खटकते ती दुसरी गोष्ट. त्याच प्रयोगशाळेत, त्याच्या शेजारच्या टेबलावर कदाचित असा मुलगा बसेल ज्याची फी तिथल्या सरकारी संशोधन निधीतून भरली जाते आणि वर हातात पैसे मिळतात. त्या निधीतून मिळणारी किमान वृत्ती २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड आहे. दोघं एकच काम करणार, एकाच प्राध्यापकासाठी. एकाला पगार, दुसऱ्याची बाग गहाण. इतिहासात किंवा तत्त्वज्ञानात निधीच कमी असतो, तिथे स्वखर्चाने जाणाऱ्याचं मी समजू शकते. मशीन लर्निंगमध्ये जगभर पैसा वाहतोय. त्या विषयात तीन वर्षं काम करायला कुणीच पैसे देत नसेल, तर मुलाचा अर्ज उशिरा गेला किंवा चुकीच्या ठिकाणी गेला असा त्याचा अर्थ मी लावते. मुलगा कमी आहे असा मुळीच नाही.

उशिराचं म्हणते ते अशासाठी. तुम्ही ऑक्टोबरची फळछाटणी घेता, त्याच सुमाराला तिथले निधीचे अर्ज सुरू होतात आणि बऱ्याच ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. तिथल्या सरकारी निधीतल्या जागांपैकी तीस टक्क्यांपर्यंत जागा २०२१ पासून परदेशी मुलांनाही देता येतात. उन्हाळ्यात अर्ज केला की उरतं ते सेल्फ-फंडेड. तेव्हा मुलाला सांगा, विद्यापीठाला विचार की माझा प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता का? आणि त्या प्राध्यापकाला चार ओळींची ई-मेल टाक: तुमच्याकडे सध्या किती विद्यार्थी स्वखर्चाने आहेत, त्यातले किती पूर्ण करून गेले, फीमध्ये सवलत आहे का, पुढच्या वर्षी निधीसाठी माझं नाव पाठवाल का? उत्तर नाहीच आलं तर तो प्राध्यापक पुढची तीन वर्षं कसा भेटेल याचा अंदाज तुम्हाला येईल.

त्या वर्षात त्याने जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडनकडे बघावं. नेदरलँड्स-स्वीडनमध्ये पीएचडी ही नोकरीच असते, रीतसर जाहिरात निघते, पगार मिळतो. जर्मनीतही संगणकशास्त्रात बहुतेक जण पगारी असतात. सारब्रुकेनला तर या विषयाची खास माक्स प्लांक संस्था आहे. आणि समजा जर्मनीत पगारी जागा नाहीच मिळाली, तरी सरकारी विद्यापीठात पीएचडीला सहसा शिकवणी फी नसते. राहण्याखाण्याची सोय दाखवायला वर्षाचे ११,९०४ युरो अडकवून ठेवलेल्या खात्यात भरायला सांगतात, आणि ते पैसे महिन्या-महिन्याला परत त्याच्याच हातात येतात. पदरमोड करायचीच असेल तर हिशेब तिकडचा बरा बसतो. अमेरिकेतून पीएचडीचं पत्र आलं आणि त्यात पैशांचा उल्लेख नसला, तर तो सभ्य नकार समजावा. तिथे कॉम्प्युटरच्या पीएचडीला शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचे पैसे मिळणं हीच रीत आहे.

मराठा-कुणबी समाजासाठीच्या सारथी या राज्याच्या संस्थेची परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तुमच्या घराला यातलं कुठलं लागू पडतं ते बघा, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा.

मुलाला तुम्ही ‘नाही’ म्हणू नका. ‘यंदा नाही’ म्हणा. आणि घर तर कुठल्याच वर्षी तारण ठेवू नका.

परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पीएचडी, दीड वर्षात, घरबसल्या. जाहिरात रोज मोबाईलवर येते. चालते का?
— एक वाचक, ठाणे

नाही. यूजीसीच्या नियमांत दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पीएचडी देताच येत नाही. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून अशा पीएचडी विकणाऱ्या कंपन्यांपासून सावध राहा, असं यूजीसी आणि एआयसीटीईने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीरच केलंय. किमान मुदतच तीन वर्षांची आहे, तेव्हा दीड वर्ष हा आकडा ऐकूनच कळायला हवं होतं. नावामागे ‘डॉ.’ लावण्याची हौस असेल तर होमिओपॅथीवाल्या शेजाऱ्याशी मैत्री करा, लोक तुम्हालाही डॉक्टर म्हणू लागतील.

मी एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या निकालात माझं नाव ‘फक्त पीएचडी’ या गटात आलं, जेआरएफ ही फेलोशिप थोडक्यात हुकली. विद्यापीठात पूर्णवेळ प्रवेश मिळतोय, पण फेलोशिप नाही. घरून महिन्याला सहा हजारांपेक्षा जास्त मिळणार नाहीत. पप्पा म्हणतात, तू घे, आपण बघू. घेऊ का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

बाळ, ‘आपण बघू’ म्हणणारे पप्पा ज्यांना मिळतात त्यांनी घाई करू नये, कारण ते पप्पा खरंच बघतात, आणि कुठून बघतात ते मुलांना कळत नाही.

२०२४ पासून नेटचे तीन गट झालेत: जेआरएफ; सहायक प्राध्यापक आणि पीएचडी; आणि फक्त पीएचडी. तुझ्या गटातले गुण प्रवेशाला एक वर्ष चालतात, त्यांना ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३०. म्हणजे हातात एक वर्ष आहे, त्यात पुन्हा नेट देता येते. जेआरएफ मिळाली तर सुरुवातीला महिन्याला ३७ हजार आणि पुढे ४२ हजार मिळतात. सहा हजार आणि सदतीस हजार यातला फरक पाच वर्षांवर पसरून बघ. त्याचबरोबर फेब्रुवारीतली गेट ही प्रवेश परीक्षाही दे. तो गुणांक तीन वर्षं चालतो आणि त्यावर आयआयटी-एनआयटीत मानधनासह पीएचडीची दारं उघडतात. कॉम्प्युटरच्या मुलामुलींना गेटचा अभ्यास नेटपेक्षा जवळचा वाटतो, असा माझा अनुभव आहे.

तरी प्रवेश सोडवत नसेल तर दोन वाटा आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती या आपल्या राज्याच्या संस्था आपापल्या समाजगटांतल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना फेलोशिप देतात. आधी नोंदणी, मग जाहिरातीप्रमाणे अर्ज, असा क्रम असतो. म्हणून काही मुलं सुरुवातीचं वर्ष पदरच्या पैशांनी काढतात. पैसे हातात पडायला वेळ लागतो, ते धरूनच चाल. दुसरी वाट प्रकल्पाची. प्राध्यापकांना केंद्र सरकारचा एखादा प्रकल्प मिळाला की त्यात संशोधन सहायक घेतात, मानधन मिळतं, आणि त्याच कामावर पीएचडीची नोंदणी करता येते. विभागात जाऊन चौकशी कर, ‘सध्या कुणाकडे प्रकल्प आहे?’ कारकुनाला विचारलंस तर जास्त लवकर कळेल. इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी मंत्रालयाची विश्वेश्वरय्या पीएचडी योजनाही आपल्या विषयासाठीच आहे. तुझं विद्यापीठ त्यात आहे का ते बघ.

यातलं काहीच जमलं नाही आणि सहा हजारांतच पाच वर्षं काढायची असतील, तर घेऊ नकोस. मी अशी दोन मुलं पाहिली. तिसऱ्या वर्षी दोघंही शिकवण्यांमध्ये अडकली आणि प्रबंध राहिला.

मी पुण्यात आयटीत आहे. वय ४३, मुलगी दहावीत. पैशांची तशी ददात नाही, बढतीही नको. मला मराठीसाठी काहीतरी करायचंय, कॉम्प्युटरला मराठी नीट कळावं म्हणून. स्वखर्चाने अर्धवेळ पीएचडी करावी का, की हे मधल्या वयाचं खूळ आहे? तुम्ही का केली होती?
— एक वाचक, कोथरूड

ताई, खूळ असलं तरी चांगल्या जातीचं आहे. मलाही तेच लागलं होतं.

माझा विषय होता शब्दाचं मूळ शोधायचा. ‘घरासमोरच्यांनाही’ हा एक शब्द घ्या. आपल्याला त्यात घर दिसतं. कॉम्प्युटरला एक लांबलचक माळ दिसते. शेवटून एकेक मणी काढायचा, ‘ही’, ‘ना’, ‘च्यां’, ‘समोर’, आणि उरलेल्या ‘घरा’चा काना पुसायचा. हे मला चार महिन्यांत जमलं आणि मी हवेत होते. मग आलं ‘देवळात’. ‘त’ काढला, काना पुसला, उरलं ‘देवळ’. असा शब्दच नाही. देवळाचं देऊळ करायला मशीनला कोण शिकवणार? ‘पाण्याला’तून पाणी, ‘सुनेला’तून सून, पण ‘सेनेला’तून मात्र सेना. माझ्या सासूबाई, सातवी शिकलेल्या, भाजी निवडता निवडता असे शब्द सांगायच्या आणि मी वहीत लिहायचे. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव दुसरं आहे, गाइडच्या लगेच नंतर.

आता या कामाची साधनं फुकट मिळतात. आयआयटी मुंबईतल्या भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्राने मराठी वर्डनेट, म्हणजे शब्दांच्या अर्थांचं एकमेकांशी जोडलेलं जाळं, केलंय. पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब या गटाने मराठीसाठी भाषा-प्रतिमानं (लँग्वेज मॉडेल) आणि विदासंच (डेटासेट) खुले करून ठेवलेत, त्यात इंजिनिअरिंगच्या मुलामुलींचा हात आहे. चेन्नईच्या आयआयटीतला एआय-फॉर-भारत हा गट सगळ्या भारतीय भाषांवर काम करतो. नोंदणीच्या आधी सहा महिने यातलं काहीतरी घेऊन रात्री बसून बघा. मशीन शिकवायला ताकदीचं ग्राफिक्स कार्ड लागतं, पण सुरुवातीला ते विकत घेऊ नका. गूगलच्या कोलॅब या ऑनलाइन सेवेवर फुकटात बरंच होतं. पुढे मोठं काम आलं तर पुण्यातच आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक आहे, गाइडमार्फत विचारता येईल. माझा सल्ला असा, की विषय असा निवडा ज्यात मशीनपेक्षा मराठी जास्त लागेल. मोठ्या मशीनवाल्यांशी स्पर्धा करून तुमची आणि माझी पेन्शन संपेल.

कंपनीच्या ना-हरकत पत्रात एक ओळ आग्रहाने लिहून घ्या, की हे संशोधन माझं वैयक्तिक आहे आणि त्यावर कंपनीचा हक्क राहणार नाही. नेमणुकीच्या करारात बहुधा उलटं लिहिलेलं असतं. वकील मैत्रीण असेल तर तिला दाखवा. आयआयटीत बाहेरच्या नोकरदारांसाठी वेगळ्या वर्गवारीतून प्रवेश असतो, पण कोर्सवर्कसाठी तिथे जाऊन बसावं लागतं. दहावीची परीक्षा होईपर्यंत त्या वाटेला जाऊ नका. सावित्रीबाई फुले विद्यापीठाची संशोधन केंद्रं तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. पीएचडीची मुदत सहा वर्षं आणि वर दोन, शिवाय बाईमाणसाला आणखी दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा. इतकी लागू देऊ नका, पण आहेत हे माहीत असलं की झोप बरी लागते.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी पैशांची नाही तर वेळेची वही ठेवा. मी ठेवली नव्हती. रोज दोन तास आणि रविवारी पाच, एवढे निघत असतील तर करा. ‘वीकेंडला बघू’ असं असेल तर नोंदणीचे पैसे वाया जातील.

आणि कोर्सवर्कच्या परीक्षेला विशीतल्या मुलांबरोबर बसायची तयारी ठेवा. मी त्रेचाळिसाव्या वर्षीच बसले होते. हात दुखत होते, चष्मा सारखा घसरत होता, आणि पर्यवेक्षक म्हणून फिरत होता तो माझाच जुना विद्यार्थी. पुरवणी मागायला मी हात वर केला, तर पोरगा पळत आला, दोन्ही हातांनी पुरवणी दिली, आणि हळूच म्हणाला, ‘मॅडम, अजून एकवीस मिनिटं आहेत.’